चाच्यांच्या निशाणाची कुळकथा

नरनाळ्याच्या सावलीत कापसाचे भाव करणाऱ्या अकोटकरास समुद्राचे अप्रूप असण्याचे कारण नाही. तथापि 1803 च्या नोव्हेंबरात येथून जवळच, अडगावच्या रणात, ज्या इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा मोड केला त्यांचे खरे बळ दर्यावर होते, आणि त्या दर्यावर आपल्या दस्तकावाचून जाणारी गलबते अडविणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्र्यांस चाचा ठरविताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. त्याच इंग्रजांच्या आरमारात, काळ्या कापडावर कवटी आणि फुली घातलेली हाडे काढलेले चाच्यांचे निशाण पाणबुड्यांवर मिरविण्याचा रिवाज पुढे रूढ झाला, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

1901 साली इंग्लंडात ‘हॉलंड’ जातीची पहिली पाणबुडी पाण्यात उतरली, त्या सुमारास पाण्याखाली दडून वार करणे अॅडमिरल आर्थर विल्सन यांच्यासारख्या जुन्या दर्यावर्द्यांस हीनपणाचे वाटे, आणि युद्धात असल्या नौकांवरील खलाशांस चाच्यांप्रमाणे फासावर द्यावे, असा अभिप्राय त्यांच्या नावावर रूढ आहे. 13 सप्टेंबर 1914 रोजी हेलिगोलंडनजीक ‘ई-9’ या पाणबुडीने ‘हेला’ ही जर्मन क्रूझर बुडविली. तेव्हा तिचे नायक मॅक्स हॉर्टन यांनी हारविच बंदरात शिरताना, जणू विल्सनसाहेबांच्या फर्मानाची तामिली म्हणून, तेच काळे निशाण चढविले. टोमणा अंगावर दागिन्यासारखा घालण्याची ही चैन ज्याच्या हाती सत्ता असते त्यालाच परवडते. आंग्र्यांस ती परवडली नसती.

दुसऱ्या महायुद्धात या खोडीचे रीतसर दप्तर झाले. 1940 साली ‘ओसिरिस’ या इंग्रज पाणबुडीने एड्रियाटिक समुद्रात ‘पालेस्त्रो’ ही इटालियन विनाशिका बुडविली आणि अलेक्झांड्रियाच्या तळावर ‘ओसिरिस’ला असे निशाण बहाल झाले. मग जो तो आपापले कापड शिवून घेऊ लागला. युद्धनौकेबद्दल लाल पट्टी, व्यापारी जहाजाबद्दल पांढरी, तोफेने केलेल्या कामगिरीबद्दल तारा, आणि किनाऱ्यावर हेर उतरविण्यासारख्या गुप्त कामाबद्दल खंजीर, असा जमाखर्च त्यावर मांडला जाई. आपल्या शेजारच्या त्रिंकोमालीहून निघालेल्या ‘टॅली-हो’ने जानेवारी 1944 मध्ये पिनांगजवळ ‘कुमा’ ही जपानी क्रूझर बुडविली, ती याच हिशेबातील मोठी रक्कम. 1982 साली फॉकलंडच्या युद्धात ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची क्रूझर बुडवून ‘काँकरर’ पाणबुडी मायदेशी परतली तीही हेच निशाण फडकवीत, आणि त्या वेळी इंग्लंडातही ते पुष्कळांस रुचले नाही.

भारतीय आरमाराने मात्र 1968 साली आपल्या पाणबुडीस ‘खांदेरी’ हे नाव दिले: 1718 साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराला जे बेट कान्होजींकडून घेता आले नव्हते, त्याचे.