मंगळावरचे आकाश कोणत्या रंगाचे?

दूरच्या वस्तूचे छायाचित्र हाती आले म्हणजे ती वस्तू आपण पाहिली, अशी आपली एक भाबडी समजूत असते. वर्तमानपत्रात तांबूस माळरान, विखुरलेले धोंडे आणि क्षितिजावर धूसर टेकड्या असे चित्र छापून येते. खाली 'मंगळ' असे लिहिलेले असते आणि चहा घेता घेता आपण मान डोलावतो. हे चित्र कोणी काढले, ते येथवर आले कसे, आणि त्यातला तांबूसपणा मंगळाचा की छापखान्याचा, हे विचारण्याचे भान फारसे कोणाला राहत नाही. ज्यांनी ही छायाचित्रे घेतली त्यांना मात्र ह्या प्रश्नांनी शंभर वर्षे सुखाने झोपू दिलेले नाही.

आरंभ दुर्बिणीपासून करावा लागतो. १८७७ साली मिलानच्या शियापारेल्लीने मंगळावर रेषा पाहिल्या व त्यांना 'कानाली' म्हटले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नैसर्गिक पात्र असाही होतो, पण इंग्रजीत त्याचे कालवे झाले आणि कालवे म्हटले की ते खणणारे आलेच! अमेरिकेतील धनिक पर्सिव्हल लोवेल ह्याने १८९४ साली ह्याच छंदापायी फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारली. १९०५ साली त्याचा सहकारी लॅम्पलंड ह्याने मंगळाची छायाचित्रे घेतली, तेव्हा आता वाद मिटला असे लोवेलला वाटले. पण मूळ ठसे हरभऱ्याच्या दाण्याहून मोठे नव्हते. छापखान्याच्या जाळीत त्या रेषा टिकेनात. ज्याचा कालव्यांवर विश्वास होता त्याला त्या दिसत, इतरांना दिसत नसत. १९०९ साली पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीतून अँतोनियादीने पाहिले, तो रेषांच्या जागी नुसते अनियमित डाग! कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणतात. पण तो पुरेसे बोलला नाही तर उरलेले पाहणाराच बोलून टाकतो.

पुढे दुर्बिणीऐवजी यानच तेथे गेले. १९६५ च्या जुलैत मरिनर-४ मंगळाजवळून निघून गेले आणि जाता जाता त्याने एकवीस चित्रे व बाविसाव्याचा तुकडा टिपला. प्रत्येक चित्र म्हणजे चाळीस हजार ठिपके, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे शून्यापासून त्रेसष्टपर्यंतचा एक आकडा. तो पाठविण्याचा वेग इतका मंद की एका चित्राला आठ तासांहून अधिक वेळ लागे. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील अभियंत्यांना एवढा धीर कोठला? त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीला चिकटविल्या आणि रंगीत खडूंनी आकड्यागणिक रंग भरले. मंगळाचे जवळून घेतलेले पहिले चित्र असे मुलांच्या चित्रकलेच्या वहीसारखे हाताने रंगविले गेले, ह्याची मला मोठी गंमत वाटते. त्या चित्रांत कालवे नव्हते. चंद्रावर असावेत तसे खड्डे होते.

पृष्ठभागावर उतरून चित्र घेण्याचा पहिला प्रयत्न रशियाचा. २ डिसेंबर १९७१ रोजी मार्स-३ धुळीच्या प्रचंड वादळात सुखरूप उतरले, चित्र पाठवू लागले आणि वीस सेकंदांच्या आतच कायमचे मुके झाले. हाती आला तो करड्या रंगाचा अर्थहीन पट्टा. त्याच्या पोटात घसरपट्ट्यांवर चालणारे, दोरीने बांधलेले एक चिमुकले यंत्र होते. मंगळावर पोचलेले ते पहिले चालते यंत्र, पण त्याला चालताना कोणी पाहिले नाही.

२० जुलै १९७६ रोजी अमेरिकेचे व्हायकिंग-१ उतरले. त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. एक आरसा वरखाली मान हलवी, समोरच्या दृश्याची एक उभी चिरी टिपी. मग कॅमेरा किंचित वळे आणि पुढची चिरी. समोरून एखादा प्राणी चालत गेला असता तर त्याचे रूप फराट्यासारखे उमटले असते. पहिले चित्र घेतले ते यानाने स्वतःच्याच पायाचे, कारण पाय कितपत रुतला हे आधी पाहावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी रंगीत चित्र आले, आणि खरा पेच पडला. घाईघाईने तयार केलेल्या त्या चित्रात मंगळाचे आकाश निळे होते. दूरचित्रवाणीवर ते जगाने पाहिले, वर्तमानपत्रांनी छापले. मग शास्त्रज्ञ आकडे तपासू लागले. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राहक डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही टिपीत होते, त्यामुळे लाल-हिरव्या-निळ्याचा हिशेब चुकला होता. यानावर रंगीत चौकोनांचा नमुनाफलक बसविलेला होता. त्याच्याशी ताळा घेतला तेव्हा निळे आकाश गुलाबी-पिवळसर झाले. तसे जाहीर करताच जमलेल्या पत्रकारांनी गमतीने हुर्यो केली. मला त्या पत्रकारांचे मन समजते. आकाश निळे असते तर परक्या घरी आपल्या ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले असते. परंतु आपल्या सुखासाठी रंग ठेवावयाचा तर लोवेलचे कालवे काय वाईट होते?

ह्या चित्रण-गटाचे प्रमुख टॉमस मच हे भूगर्भशास्त्रज्ञ आणि गिर्यारोहक. १९८० साली आपल्या हिमालयातील नून शिखरावरून उतरताना ते मरण पावले. व्हायकिंग-१ च्या स्थानाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, आणि कधी काळी माणसे तेथे जातील तेव्हा यानावर बसवावी म्हणून नावाची एक पाटीही तयार करून ठेवली आहे.

व्हायकिंगला पाय होते, चाके नव्हती. क्षितिजावरच्या टेकडीमागे काय आहे हे त्याला कधी कळले नाही. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेल्या पाथफाइंडरने सोजर्नर नावाची साडेदहा किलोंची सहाचाकी गाडी बरोबर नेली. ती सारी मिळून शंभरेक मीटरच चालली. पण तिच्यामुळे कॅमेऱ्याचे काम बदलले. आता छायाचित्र हे पाहण्यासाठी होते तसे चालण्यासाठीही होते. संदेश पोचावयास कधी तीन, तर कधी बावीस मिनिटे लागतात. तेव्हा पृथ्वीवर बसून सुकाणू धरता येत नाही. आदल्या दिवसाची चित्रे पाहून दुसऱ्या दिवसाची वाट आखावी लागते.

२००४ च्या जानेवारीत स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी ह्या जुळ्या गाड्या उतरल्या. प्रत्येकीवर नऊ कॅमेरे: दोन मुख्य डोळे, दोन वाट शोधणारे, चार पुढच्यामागच्या धोंड्यांवर नजर ठेवणारे, आणि एक सूक्ष्मदर्शी. व्हायकिंगचा धडा विसरला गेला नव्हता. गाडीच्या पाठीवर एक लहानसे सूर्ययंत्र बसविले होते, करड्या रंगाची वर्तुळे, कोपऱ्यांत रंगांचे तुकडे, मध्ये काठी. काठीची सावली पडे त्या जागेला सूर्याचा थेट प्रकाश मिळत नाही, केवळ आकाशाचा मिळतो. म्हणून सावलीतल्या करड्यावर आकाशाची छटा मोजता येते. पुढे त्या यंत्रावरच धूळ बसली, तेव्हा धुळीचाही हिशेब मांडावा लागला.

रंगाची इतकी काळजी घेतल्यामुळेच १९ मे २००५ रोजी स्पिरिटने टिपलेल्या सूर्यास्तावर विश्वास ठेवता येतो. मावळत्या सूर्याभोवती तेथे निळसर आभा दिसते. बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या रोखाने पुढे ढकलते. दिवसा पिवळट-तांबूस, संध्याकाळी निळे: आपल्या नेमके उलट. पत्रकारांना हवे होते ते निळे आकाश मंगळावर होते, पण सूर्यापुरते आणि सांजेपुरते.

ह्याच स्पिरिटचे पुढचे उजवे चाक २००६ साली अडले. तेव्हापासून ती ते चाक फरफटत उलटी चालू लागली आणि मागे चर उमटू लागला. २००७ साली त्या चरात पांढरी माती दिसली. तपासली तर नव्वद टक्के सिलिका! अशी माती उष्ण पाण्याच्या किंवा वाफेच्या संगतीने बनते. धडधाकट चाक त्यावरून अलगद निघून गेले असते.

२०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटीवर तर १९०९ सालचे एक तांब्याचे नाणे आहे. भूगर्भशास्त्रज्ञ दगडाचा आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवतात, तो संप्रदाय तेथेही पाळला. ती स्वतःचीही छायाचित्रे काढते, त्यांत कॅमेरा धरणारा हात दिसत नाही. मग हे चित्र काढले कोणी, असे लोक विचारतात. अनेक चित्रे जोडताना हाताचा भाग वगळला जातो, इतकेच. आपल्या मंगळयानाने २०१४ पासून कक्षेतून पाठविलेली चित्रे निराळ्या जातीची: लांबट कक्षेमुळे अख्खा मंगळ एका चौकटीत मावे.

ऑपॉर्च्युनिटीने पंचेचाळीस किलोमीटर मजल मारली आणि दोन लाखांहून अधिक चित्रे पाठविली. १० जून २०१८ रोजी धुळीच्या वादळाने सूर्य झाकला असताना तो कितपत दिसतो हे मोजण्यासाठी तिने शेवटची चित्रे घेतली. त्यांत काळोख आहे आणि पांढरे कण आहेत. ते तारे नव्हेत, कॅमेऱ्याचे दोष आहेत. चित्र पुरे पोचण्यापूर्वीच संदेश तुटला, म्हणून खालची बाजू अपुरी राहिली. त्यानंतर हजारावर हाका पाठविण्यात आल्या. शेवटची १२ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री गेली; तिलाही उत्तर आले नाही.