वाट चुकवणारे शब्द

रात्री उशिरा शेतावरून परतणाऱ्या माणसाला चकवा लागतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पायाखालची रोजची वाट, पण माणूस फिरफिरून त्याच बाभळीपाशी येतो. उजाडल्यावर कळते की घर हाकेच्या अंतरावर होते. इंग्लंडातल्या खेडुतालाही हे नवीन नव्हते. तिकडे दलदलीच्या रानात रात्री मिणमिणता उजेड दिसे आणि त्याच्यामागे गेलेला माणूस चिखलात रुते. त्या उजेडाला त्यांनी नाव दिले 'विल-ओ-द-विस्प'. 'विस्प' म्हणजे गवताची चूड, आणि 'विल' हे आपल्या रामा-गोविंदासारखे साधे नाव. चूड पेटवून हिंडणारा हा विल वाटसरूला भलतीकडे नेतो, अशी समजूत.

चकवा खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवू. पण माणसाला वाट चुकवणारी माणसे असतात याबद्दल तर वाद नाही ना? त्यांच्या उद्योगासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मी त्याच्या मागे लागलो तो एका प्रश्नामुळे. शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात इंग्रजीवर बोलत असताना एक गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, 'सिड्यूस' म्हणजे बाईला मोहात पाडणे, असे आम्ही शिकलो. मग कायद्याच्या पुस्तकात सैनिकाला 'सिड्यूस' करणे हा गुन्हा कसा?" सगळे हसले. मीही हसलो. पण खरे सांगायचे तर उत्तर मला तेव्हा देता आले नाही. घरी येऊन कोश उघडले तेव्हा कळले की प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता.

आधी सोपे शब्द घेऊ. फसवणुकीचे कितीतरी इंग्रजी शब्द शिकाऱ्याच्या झोळीतून आलेले आहेत. 'ल्यूर' म्हणजे भुलवणे. हा मुळात ससाणा पाळणाऱ्यांचा शब्द. उडून गेलेल्या ससाण्याला परत बोलावण्यासाठी दोरीला पिसांचा झुबका बांधून तो फिरवीत, त्या झुबक्याचे नाव 'ल्यूर'. 'हुडविंक' म्हणजे डोळ्यांवर टोपडे ओढणे. त्याचाच पुढे 'डोळ्यांत धूळ फेकणे' असा अर्थ झाला. 'डिकॉय' हा बहुतेक कोशकारांच्या मते डच भाषेतून आला. तिथे 'कोय' म्हणजे पिंजरा. तळ्याच्या कडेला जाळीचे बोगदे करायचे, पाळीव बदके पोहत ठेवायची आणि त्यांच्या भरवशावर रानबदके आत शिरली की मागून तोंड बंद करायचे! आपला 'आमिष' शब्दही याच गोत्रातला. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. गळाला लावलेला मांसाचा तुकडा अजून आपल्या भाषेत लटकतो आहे, आपल्याला तो दिसत नाही इतकेच.

दुसरा गट डोळ्यांचा आणि आगीचा. 'इनव्हेगल' म्हणजे गोड बोलून गुंतवणे. त्याच्या मुळाशी आंधळे करण्याचा फ्रेंच शब्द आहे. 'एंटाइस' म्हणजे फूस लावणे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले जळते कोलीत आहे. म्हणजे फूस लावणारा माणूस आग लावणारा! आपल्याकडेही कान फुंकणाऱ्याला आगलाव्या म्हणतातच की.

आता गुरुजींच्या 'सिड्यूस'कडे येऊ. लॅटिनमध्ये 'ड्यूकेरे' म्हणजे नेणे आणि 'से' म्हणजे वेगळे, बाजूला. बाजूला नेणे, एवढाच मूळ अर्थ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत रुळला, तेव्हा त्याचा स्त्री-पुरुषांच्या मोहाशी संबंध नव्हता. सरदाराच्या माणसाला, धन्याच्या चाकराला, राजाच्या शिपायाला आपल्या निष्ठेपासून फोडणे, हा त्याचा पहिला अर्थ. आपल्याकडे किल्लेदार 'फितवला' म्हणतात ना, नेमका तोच. स्त्रीला मोहात पाडण्याचा अर्थ सोळाव्या शतकाच्या मध्याला चिकटला आणि मग त्याने मूळ अर्थाला झाकून टाकले.

इथे वाचकहो, थोडे थांबून विचार करा. चाकर, शिपाई, स्त्री! या तिघांत सारखे काय आहे? त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही तिन्ही माणसे दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीची होती. फूस लावणाऱ्याने नुकसान केले ते त्या माणसाचे नव्हे, त्याच्या धन्याचे!

हे माझे पदरचे नाही. कायद्यातच तसे दिसते. 1348-49 साली इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली. माणसे मेली, मजूर दुर्मीळ झाले आणि उरलेले जास्त मजुरी मागू लागले. राजाने 1349 मध्ये हुकूम काढला आणि 1351 मध्ये कायदा केला, की मजुरी जुन्याच दराने घ्यावी. मुदतीआधी काम सोडणाऱ्या चाकराला शिक्षा, आणि अशा चाकराला ठेवून घेणाऱ्यालाही शिक्षा. ज्याला चार पैसे जास्त मिळत होते तो चाकर काय म्हणतो, हे कोणी विचारले नाही. दुसऱ्याचा चाकर फूस लावून नेल्याचा दावा इंग्रजी न्यायालयांत पुढे कित्येक शतके चालला. 1853 साली तो एका गायिकेलाही लावला गेला. योहाना वाग्नर ही गायिका लम्ली यांच्या नाट्यगृहाशी करारबद्ध होती. गाय नावाच्या दुसऱ्या चालकाने तिला आपल्याकडे वळवले. असा दावा चालू शकतो, असा निकाल बहुमताने झाला.

मुलीच्या बाबतीत तर याहून नवल. मुलीला कोणी फसवले तर इंग्लंडात दावा लावायचा बापाने, आणि तो कशासाठी? तर मुलगी घरात जी सेवा करीत होती तिला बाप मुकला म्हणून! घरच्यांना चहा करून देणे एवढी सेवाही त्याला पुरे होई. जिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले तिला स्वतः हा दावा लावता येत नसे, कारण तिची संमती होती असे कायदा म्हणे. इंग्लंडात हे दावे रद्द व्हायला 1970 साल उजाडावे लागले.

आता शिपायाची गोष्ट. 1797 साली इंग्लंडच्या आरमारात स्पिटहेड येथे खलाशांनी जहाजे हाकारण्याचे नाकारले. कारण साधे होते. शंभराहून अधिक वर्षे त्यांचा पगार वाढलेला नव्हता. सरकारला पगार वाढवावा लागला आणि माफीही द्यावी लागली. पाठोपाठ नोअर येथे दुसरे बंड झाले. ते मोडले गेले आणि त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर फासावर गेला. त्याच वर्षी सरकारने कायदा केला, की सैनिकाला किंवा खलाशाला कर्तव्यापासून 'सिड्यूस' करणाऱ्यास कडक शासन होईल. शब्दाची करामत पाहा. खलाशी स्वतःहून रागावला नाही, तर त्याला कोणीतरी भुलवले! हा शब्द वापरला की पगाराचा प्रश्न दिसेनासा होतो आणि उरतो फक्त भुलवणारा.

हाच शब्द 1860 च्या भारतीय दंडसंहितेत आला. 1857 च्या उठावाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती, हे ध्यानात ठेवा. पुढे 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरच्या भारतीय खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याची शिवीगाळ ही त्यांची तक्रार होती. आता सांगा, त्यांना कोणी वाट चुकवली होती, की त्यांना वाट सापडली होती? 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली. तिच्या इंग्रजी पाठातही सैनिकासंबंधीच्या कलमात हा शब्द कायम आहे. सैन्याला शिस्त हवी हे खरेच. मी सांगतो आहे ती त्या शब्दाची कुळकथा.

एक शब्द इंग्रजीने आपल्याकडूनही नेला. तो म्हणजे 'ठग'. आपल्या भाषांत ठग म्हणजे फसवणारा. वाटेत सोबत करून, विश्वास मिळवून प्रवाशांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध स्लीमन या अधिकाऱ्याने 1830 नंतर मोहीम चालवली. 1839 मध्ये मेडोज टेलर यांची ठगाच्या कबुलीजबाबावरची कादंबरी निघाली आणि शब्द विलायतेत घरोघर गेला. त्या काळच्या सरकारी नोंदींत अतिशयोक्ती किती, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण शब्दाचे काय झाले पाहा. आज इंग्रजीत 'थग' म्हणजे नुसता दांडगा गुंड. गोड बोलणे गळून पडले, दांडगाई उरली. आपल्याकडे मात्र 'ठकास महाठक' म्हणताना आपण अजून डोक्याचा खेळच मनात धरतो.

शेवटी शिक्षक वाचकांसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. 'सिड्यूस' ज्या 'नेणे' या धातूपासून झाला, त्याच्याच कुळातला दुसरा शब्द आहे 'एज्युकेट', म्हणजे शिकवणे. दोघे सख्खे भाऊबंद! एकात बाजूला नेणे आहे, दुसऱ्यात बाहेर आणणे, वाढवणे आहे. नेणारा दोन्हीकडे आहे. मग फरक ओळखायचा कसा?

माझ्यापुरते उत्तर असे. जो वाट चुकवतो त्याला तुमचे डोळे झाकलेले हवे असतात. टोपडे, चकवा, आंधळे करणे हे सगळे शब्द तेच सांगतात. जो शिकवतो तो डोळे उघडतो आणि मग तुम्ही त्याला सोडून गेलात तरी त्याची हरकत नसते. म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणाले की "गावातल्या पोरांना कोणीतरी फूस लावली", तर भुलवणाऱ्याचा शोध जरूर घ्या, पण त्याआधी त्या पोरांना जवळ बसवून विचारा, "बाबांनो, तुमचे म्हणणे काय आहे?" शब्दांच्या या पाचशे वर्षांच्या प्रवासात नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.