करसल्ला शुल्काची वजावट

विवरणपत्र भरून देणाऱ्या सनदी लेखापालाची किंवा वकिलाची फी करपात्र उत्पन्नातून वजा होते का, हे उत्पन्नाच्या प्रकारावर ठरते. हावड्यात बेलिलियस रोडवर लेथ चालवणाऱ्या कारखानदाराला ती 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 37(1) नुसार धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येई. बिर्ला कॉटन खटल्यात (1971) सर्वोच्च न्यायालयाने करविषयक कामकाजाचा खर्चही ग्राह्य धरला. मात्र त्याच कायद्याच्या कलम 44 एडीखाली अनुमानित नफा दाखवणाऱ्याला वेगळी वजावट नव्हती. नोकरदाराच्या वाट्याला फक्त प्रमाणित वजावट. फी किती दिली हे कोणी विचारत नाही. करविषयक कामकाजाच्या खर्चासाठी 5,000 रुपयांपर्यंत सवलत देणारे कलम 80 व्हीव्ही 1986 पासून रद्द आहे.