माटुंग्याचे दिवे आणि आपलं कोंबडीखत

मंडळी, घाणीतून गॅस काढणं काही नवीन नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. पुढं देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला गॅस प्लांट जोडून दाखवला. ऐंशीच्या दशकात अनुदानावर गोबरगॅस गावोगाव पोचला.

मग कोंबडीखतच मागं का राहिलं? त्यात नायट्रोजन जास्त. अमोनिया वाढतो आणि गॅस कमी पडतो. पण शेण-पाणी मिसळलं की काम होतं.

आता दुसरी गोष्ट. १९५० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की खाद्यात थोडं अँटिबायोटिक घातलं की पिल्लं लवकर वाढतात. मग जगभर तेच सुरू झालं. त्यातलं बरंचसं औषध विष्ठेतून तसंच बाहेर पडतं. खत कच्चंच रानात गेलं की तेही मातीत जातं, आणि आपल्या तीर्थपुरीचं पावसाचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं. औषधाला न जुमानणारे जंतू असेच वाढतात. माणसासाठी शेवटचा उपाय असलेलं कोलिस्टिन कोंबड्या-जनावरांसाठी विकायला केंद्रानं २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीनं.

प्लांटमध्ये काही औषधं मोडतात, सगळी नाही. म्हणून स्लरीचं कंपोस्ट करायचं, ढीग चांगला तापू द्यायचा, मगच रानात टाकायचं.

एकट्याला हे परवडत नाही. ग्रामपंचायतीनं पोल्ट्रीवाल्यांना एकत्र बसवून सामाईक प्लांटचा ठराव घ्यावा. येत्या ग्रामसभेत विषय काढू या. मुंबईला १८९७ साली जमलं, ते आपल्याला आज का जमू नये?