लुगडं, मानधन आणि पगार

नाळ कापायची ती आपल्या बाईनं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत सुईण म्हणजे मांगवाड्यातली नाहीतर महारवाड्यातली म्हातारी. वाड्यात बाळंतीण अडली की रात्री-अपरात्री तिला हाक. मूल आईच्या कुशीत गेलं की हीच बाई विटाळाची. मोबदला काय, तर जोंधळे, जुनेर, फार झालं तर एक लुगडं. त्या कामाला पगार हा शब्द कुणी लावलाच नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या भत्त्यासाठी बोलले. १९२९ ला कायदा झाला. पण तो गिरणी-कारखान्यातल्या बाईपुरता, आणि मुंबई इलाख्यापुरता. हर्सूल तेव्हा निजामाच्या राज्यात.

पगार आला तो सरकारी दवाखान्याबरोबर. धम्मदीक्षेच्याच वर्षी, १९५६ ला, औरंगाबादेत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याचं हॉस्पिटल म्हणजे आपली घाटी. सरकारी दवाखाना म्हणजे मंजूर पदं : नर्स, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार. महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. आपल्या हातात आधी झाडू आला, हे खरंच. राखीव जागांनी पुढं नर्सच्या खुर्चीपर्यंत वाट केली. सफाईच्या कामाला लाड आणि पागे समितीच्या शिफारशींनी वारसा हक्क मिळाला. म्हणजे बापाचा झाडू पोराला! नोकरी पक्की, अन् जातही पक्की. तरी तो पगार होता दोस्तांनो, त्यावर पोरं शिकली.

मग एक नवा शब्द आला : मानधन. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडी योजना निघाली. २००५ ला आशा. आशा तेव्हा आठवी शिकलेली लागायची, बाळंतपण दवाखान्यातच हवं. म्हातारी सुईण दोन्हीकडून बाद झाली. तिची अक्कल कुणी विचारली नाही. २०१८ ला केंद्रानं अंगणवाडी सेविकेचं मानधन ३००० वरून ४५०० केलं, मदतनिसाचं १५०० वरून २२५०. राज्य वरून भर घालतं, पण त्याला पगार म्हणत नाही. २००६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे सरकारी पद नाही. २०२२ ला त्याच कोर्टानं ग्रॅच्युइटी मान्य केली, म्हणजे नोकर असल्याचं अर्धंमुर्धं कबूल केलं. मान द्यायचा, धन नाही; लुगड्याचाच हिशेब!

आता पुढं काय? दवाखाने वाढणार, माणसं लागणारच. प्रश्न कुठल्या कागदावर, हा आहे. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्यानं खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. राखीव जागांचं काय, असा गलका झाला, तेव्हा २० ऑक्टोबरला तो मागं घेतल्याचं जाहीर केलं. ठेकेदार मात्र दवाखान्यातून गेला नाही.

हर्सूलच्या ज्या पोरी नर्सिंग शिकताहेत, त्यांनी जाहिरात हातात आली की आधी बघावं : पद मंजूर आहे की कंत्राटी, आणि राखीव किती. अन् आपण पोरांनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकायचा : मंजूर पदं किती, भरलेली किती, ठेकेदाराकडून किती. दहा रुपये लागतात.