मराठीची फ्रेंचमधली कुळकथा

मुलुंड-घाटकोपरची मुलं कुर्ल्याला उतरतात, बोरिवली-अंधेरीची सांताक्रूझला, आणि बसने नाहीतर शेअर रिक्षाने कलिन्याला पोचतात. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग तिथल्या विद्यानगरीत आहे. एम.ए. आणि पीएच.डी.पर्यंतची सोय तिथे आहे. फ्रेंच घेतलं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘पुढे काय?’ बी-टू पातळीची परीक्षा झाली की कंपनीत नोकरी, भाषांतराची कामं, शाळेत शिकवणं, ही उत्तरं खरी आहेत आणि त्यांत कमीपणा काहीच नाही. पण या मुलांना आणखी एक उत्तर माहीत असायला हवं. आपल्या मराठीचा, भाषाशास्त्राच्या काटेकोर पद्धतीने मांडलेला पहिला सविस्तर इतिहास लिहिला गेला तो फ्रेंच भाषेत.

हा इतिहास मांडणाऱ्या पुस्तकाची पूर्वपीठिका मुंबई विद्यापीठातच सापडते. 1877 साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली. संस्कृतपासून प्राकृत आणि प्राकृतापासून आजच्या भाषा कशा निघाल्या, याचा तो आपल्याकडचा पायाभूत विचार. त्या काळी विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मात्र मराठीला जागा नव्हती. न्यायमूर्ती रानडे देशी भाषांची बाजू लावून धरत राहिले. कलिन्यात भाषाविभागांच्या जुन्या इमारतीला रानडे भवन हे नाव आहे, ते मला फार योग्य वाटतं.

भांडारकरांच्या या व्याख्यानांनंतर तीन वर्षांनी, 1880 साली, ते पुस्तक लिहिणारे झ्यूल ब्लोक यांचा जन्म झाला. सिल्व्हँ लेव्ही आणि आंत्वान मेये हे त्यांचे गुरू. तरुणपणी ते भारतात येऊन राहिले आणि पॅरिसच्या पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तो मराठीचा. ‘ला फॉर्मासिओं द ला लांग मरात’, म्हणजे मराठी भाषेची घडण. प्रबंध 1914 साली तयार झाला. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि पुस्तक वाचकांच्या हाती पडायला 1920 साल उजाडलं.

ब्लोक यांनी केलं काय? आपण रोज तोंडाने जे करतो, त्याचा हिशेब मांडला. संस्कृतातला ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मराठीत ‘हात’. ‘सप्त’चा ‘सत्त’, मग ‘सात’. ‘अग्नि’चा ‘अग्गि’, मग ‘आग’. जोडाक्षर सुटलं, पण त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला, आणि हे शब्दामागून शब्दाला लागू पडतं. तसाच आपला दुहेरी ‘च’. ‘चाक’ आणि ‘चोर’ यांतला च दातांशी उच्चारला जातो, ‘चिंच’मधला पहिला आणि ‘चेहरा’मधला टाळूशी. आपण लिहिताना दोन्हींना एकच अक्षर वापरतो आणि बोलताना सहसा चुकत नाही. हा भेद कुठून आला आणि पुढच्या स्वराशी त्याचा संबंध काय, हे ब्लोक शोधत जातात. पुस्तकाच्या शेवटी मराठी शब्दांची व्युत्पत्तिसूची आहे. ती नुसती चाळली तरी आपलं घरगुती बोलणं किती जुनं आहे ते कळतं.

आता या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. फर्ग्युसन महाविद्यालयातले वासुदेव गोपाळ परांजपे यांनी कात्यायनाच्या वार्तिकांवरचा स्वतःचा प्रबंध फ्रेंचमध्ये लिहून पॅरिसची पदवी घेतली होती. तो 1922 साली प्रसिद्ध झाला. याच परांजप्यांनी ब्लोक यांचा ग्रंथ मराठीत आणला. ‘मराठी भाषेचा विकास’ हे भाषांतर 1941 साली निघालं. देवराज चनना यांचं इंग्रजी भाषांतर आलं 1970 साली, म्हणजे मराठीनंतर एकोणतीस वर्षांनी! एरवी फ्रेंच साहित्य आपल्याकडे बहुतेकदा इंग्रजीच्या वाटेने येतं. इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या कितीतरी पुढे होता, आणि तो केवळ एका प्राध्यापकाला फ्रेंच उत्तम येत होतं म्हणून.

उलट दिशेची वाटही आहे. पुण्यात राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी दलरी वारकरी संप्रदायाच्या अभ्यासात रमले. त्यांनी तुकोबांचे निवडक अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि 1956 साली पॅरिसच्या गालिमारसारख्या मोठ्या प्रकाशनाने ते छापले. फ्रेंच नाटककार मोलिएरचं मराठीत बरंच कौतुक झालं. हरिभाऊ आपट्यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ ही त्याचीच देणगी. दलरींच्या या कामाची दखल मात्र आपण फारशी घेतली नाही, याचं मला वाईट वाटतं.

ज्यांच्या घरी मालवणी बोलली जाते, त्यांना फ्रेंचमधले नाकातले स्वर तितकेसे परके वाटत नाहीत. असे विद्यार्थी उपनगरांत भरपूर आहेत. त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. एम.ए.ला कामू, फ्लोबेर जरूर वाचा, पण प्रबंधाचा विषय ठरवताना ब्लोक यांचं मूळ पुस्तक आणि परांजप्यांचं भाषांतर शेजारी ठेवून पाहा. परांजप्यांच्या भाषांतराला ऐंशीहून अधिक वर्षं झाली. आजच्या मराठीत, आजच्या टिपांसह ते नव्याने व्हायला हवं. हे काम दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणाऱ्या माणसालाच जमेल, आणि अशी माणसं कलिन्यात तयार होऊ शकतात.