१२३४५६७८९८७६५४३२१ (डेमलो संख्या)

एकापासून नवापर्यंत चढत जाणाऱ्या आणि पुन्हा एकापर्यंत उतरणाऱ्या अंकांची सतरा अंकी विषम संख्या. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे. किंमत सुमारे १२,३४५ लाख कोटी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यापुढचे स्थान परार्धाचे. उजवीकडून वाचली तरी ती तीच राहते.

रचनेचे कारण : १११ ला १११ ने गुणताना १११, १११० आणि १११०० यांची बेरीज करावी लागते. उभ्या रकान्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक असे ‘१’ येतात आणि उत्तर १२३२१ मिळते. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रकान्यात नऊ ‘१’ जमतात. बेरीज नऊच्या पुढे जात नसल्याने कुठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले, की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा पुढे सरकतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येऊन क्रम मोडतो.

गुणधर्म : १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. म्हणून या संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असून तिला एकूण ४५ विभाजक आहेत. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९². आणि ८१ ने संख्येला निःशेष भाग जाऊन १२३४५६७९ चा वर्ग मिळतो. या १२३४५६७९ मध्ये ८ हा अंक नाही, हे विशेष. मूळ संख्येला ८१ ने गुणले, तर ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ मिळतो.

इतिहास : नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात याच घडणीची, सहापर्यंत चढून उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्या आढळते. विसाव्या शतकात डहाणूत जन्मलेले आणि देवळालीत शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांची कल्पना मुंबईजवळच्या डेमलो (आजचे डोंबिवली) स्थानकावर सुचल्याने त्यांनी तेच नाव दिले. डेमलो संख्येत पहिला व शेवटचा भाग मिळवल्यास मधल्या भागातलाच अंक पुन्हापुन्हा येतो. येथे मधला अंक ९ वगळून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ होते. १, १२१, १२३२१ या मालिकेला कापरेकरांनी ‘अद्भुत’ डेमलो संख्या म्हटले. केवळ कागद, पेन्सिल आणि चिकाटी यांच्या बळावर केलेले हे काम भारतीय अंकगणिताला लाभलेले मोलाचे देणे आहे.

मर्यादा : मालिकेचा शेवट नवावर होतो, तो दशमान पद्धतीमुळे. आठ पाया असलेल्या अंकपद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो आणि तिथे मालिका सातावर थांबते. दशमान पद्धतीत ही चढउतार जपणारी सर्वांत मोठी अद्भुत डेमलो संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१.